साठ वर्षांचं स्वप्न आणि त्याचं देणं

उत्तर पांडव देशाचा राजा लवण भर दरबारात बसला होता. एक जादूगार आला, त्याने वाकून मुजरा केला आणि मोरपिसांचा कुंचा राजासमोर फिरवला. त्याच वेळी सिंधु देशाच्या राजाकडून आलेला एक माणूस भेटीदाखल घोडा घेऊन उभा राहिला. राजाची नजर घोड्यावर खिळली आणि तशीच राहिली. पापणी हलेना, बोट हलेना. दरबारी घाबरले, पण हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. दोन मुहूर्त, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे दीड तास, असे गेले. मग राजाला कापरं भरलं, तो आसनावरून खाली येऊ लागला, सेवकांनी धरून सावरला. भानावर येताच त्याने पहिला प्रश्न केला: ही सभा कुणाची?

त्याने जे सांगितलं ते असं. त्या घोड्यावर तो बसला आणि घोडा उधळला. ओसाड रान तुडवत पार विंध्याच्या जंगलापर्यंत गेला. एका झाडाची वेल हाती लागली म्हणून राजा वाचला. घोडा निघून गेला. रात्र उपाशी काढली. दुसऱ्या दिवशी एक काळीसावळी मुलगी बापासाठी भात आणि जांभळाचा रस घेऊन चालली होती. राजाने घास मागितला. ती म्हणाली, मी चांडाळाची पोर, तू मला बायको करून घेणार असशील तर देते. भुकेने कासावीस झालेल्या राजाने होकार दिला. लग्न झालं, मुलं झाली, राजा शिकारीचं मांस विकू लागला, म्हातारा झाला. साठ वर्षं गेली. मग पाऊस रुसला. रान जळालं, पानं संपली, वस्ती फुटली. बायको आणि धाकट्या मुलाला घेऊन तो निघाला. वाटेत मुलाने मांस मागितलं आणि बापाकडे स्वतःच्या देहाखेरीज काही उरलं नव्हतं. आपलंच मांस भाजून मुलाला मिळावं म्हणून त्याने चिता रचली, तीत उडी घेतली आणि डोळे उघडले तर समोर दरबार.

ही कथा ‘योगवासिष्ठा’त, उत्पत्ती प्रकरणात आहे. दुसऱ्याच कुणाचं आयुष्य इतकं सविस्तर जगून परत येणारा माणूस भारतीय वाङ्मयात इतक्या ठसठशीतपणे क्वचितच भेटतो. ग्रंथाचा जुना गाभा ‘मोक्षोपाय’ या नावाने काश्मीरमध्ये दहाव्या शतकाच्या मध्याला रचला गेला, हे वाल्टर स्लाये या ऑस्ट्रियन अभ्यासकाने हस्तलिखितांच्या आधारे दाखवून दिलं. कर्त्याने स्वतःचं नाव लिहिलेलं नाही. पण तो ज्या खोऱ्यात राहत होता तिथल्या लोकांना उपासमार नवी नव्हती. कल्हणाची राजतरंगिणी सांगते की इ. स. ९१७-१८ मध्ये काश्मीरात पुराने शरदातलं भाताचं पीक बुडालं, दुष्काळ पडला, वितस्तेचं पात्र प्रेतांनी भरून गेलं आणि मंत्र्यांनी साठवलेलं धान्य चढ्या भावाने विकलं. मोक्षोपायाच्या आधीच्या पिढीने हे डोळ्यांनी पाहिलं होतं. लवणाच्या स्वप्नातला दुष्काळ वाचताना तो कल्पनेतून उतरला असेल असं वाटत नाही.

आता प्रश्न असा की अशा स्वप्नाचा अर्थ लावायचा कसा, आणि लावायचा कुणी?

त्या काळी हे काम करणारी माणसं होती. वैद्य होते, ज्योतिषी होते, स्वप्नाध्याय जाणणारे होते. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात, म्हणजे मृत्यूची पूर्वचिन्हं सांगणाऱ्या भागात, पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेल्या गोष्टीचं दृष्ट, ऐकलेल्याचं श्रुत, भोगलेल्याचं अनुभूत, इच्छिलेल्याचं प्रार्थित, मनाने रचलेलं कल्पित, पुढे घडणाऱ्याचं भाविक आणि वात-पित्त-कफाच्या बिघाडातून आलेलं दोषज. यातली पहिली पाच वैद्याने निष्फळ समजावीत, असं चरक सांगतो. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही आपली म्हण या पाचांना मिळून पुरते. पुढे चरक आणखी एक नियम घालतो. दिवसा पडलेलं, फार आखूड आणि फार लांब स्वप्नही निष्फळच.

फार लांब. म्हणजे लवण राजा आपल्या वैद्याकडे गेला असता तर वैद्याने साठ वर्षांचा तो संसार एका शब्दात निकालात काढला असता: अतिदीर्घ. पोट साफ ठेवा, रात्री हलकं जेवा. रोग्याच्या जिवाला धोका आहे की नाही एवढंच ज्याला ठरवायचं आहे, त्या वैद्याच्या जागी हे योग्यच होतं. चरकाच्या या अध्यायातली शिस्त आजही मनात भरते, कारण तो प्रत्येक स्वप्नामागे धावत नाही.

स्वप्नाध्यायवाल्यांची रीत निराळी. त्यांच्याकडे वस्तूंची यादी असे. बाराव्या शतकातल्या जगद्देवाचा ‘स्वप्नचिंतामणी’ हा ग्रंथ त्यातला नावाजलेला; १९१२ साली युलियस फॉन नेगेलाइन यांनी तो जर्मनीत छापून आणला. त्याचे दोन भाग आहेत, एक शुभ स्वप्नांचा, दुसरा अशुभ स्वप्नांचा. हत्तीवर बसणं चांगलं, गाढवावर बसणं वाईट, या धाटणीचे निकाल त्यात एकामागून एक येतात. रात्रीच्या कोणत्या प्रहरी स्वप्न पडलं यावरून फळ केव्हा मिळणार तेही ठरे. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आजही घरोघर म्हणतात, ते याच परंपरेतून आलेलं. या पद्धतीत स्वप्न पाहणारा कायम स्वतःच असतो. हत्तीवर बसतो तोही तोच, गाढवावर बसतो तोही तोच, आणि फळ त्याच्याच पदरात पडतं. ज्या स्वप्नात बसणाराच दुसरा कुणी झाला, त्याचं फळ कुणाच्या नावावर जमा करायचं? याद्यांमध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

तत्त्वज्ञांनी मात्र हा पेच फार आधी हाती घेतला होता. बृहदारण्यक उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात काशीचा राजा अजातशत्रू आणि गार्ग्य नावाचा गर्विष्ठ ब्राह्मण यांचा संवाद आहे. ब्रह्म म्हणजे काय हे शिकवायला आलेला गार्ग्य निरुत्तर होतो, तेव्हा राजा त्याचा हात धरतो आणि दोघे एका झोपलेल्या माणसापाशी जातात. राजा त्या माणसाला मोठमोठ्या नावांनी हाका मारतो. तो उठत नाही. हाताने हलवल्यावर उठतो. मग राजा विचारतो: हा झोपला होता तेव्हा हा होता कुठे? आणि उत्तरात सांगतो की स्वप्नात फिरताना हा जणू महाराजा होतो, जणू मोठा ब्राह्मण होतो, जणू वर चढतो आणि खाली उतरतो. शंकराचार्यांनी भाष्यात नेमकं ‘जणू’ या शब्दावर बोट ठेवलं. राजा झालेला तो माणूस प्रत्यक्षात बिछान्यावर पडलेला आहे. म्हणून ते राजेपण खोटं. मांडूक्यकारिका लिहिणाऱ्या गौडपादांचा युक्तिवाद आणखी व्यवहारी. स्वप्नात माणूस दूरदेशी जातो, पण तिथे पोचायला लागणारा वेळच गेलेला नसतो, आणि जागा होतो तेव्हा तो त्या देशी नसतो. मग त्या देशाला खरं कसं म्हणावं?

मीमांसक कुमारिलभट्टांना हे पटणारं नव्हतं. बाह्य जग खोटं ठरवण्यासाठी बौद्ध विज्ञानवादी स्वप्नाचा दाखला देत, आणि कुमारिलांना तो दाखला मोडायचा होता. त्यांचं म्हणणं असं की स्वप्नातही काहीतरी खरंच दिसत असतं, फक्त ते इथलं आणि आत्ताचं नसतं. दुसऱ्या जागेचं असेल, दुसऱ्या वेळेचं असेल, या जन्मातलं असेल किंवा मागच्या जन्मातलंही. परक्या आयुष्याच्या स्वप्नाला ‘मागच्या जन्माची आठवण’ म्हणण्याची जी सवय आजही आपल्याला आहे, तिला शास्त्राचा आधार इथे मिळतो. पण कुमारिलांनी तो जन्म शोधायला कुणाला पाठवलं नाही. वादात तेवढी गरजच नव्हती.

लवण राजा गेला.

योगवासिष्ठाच्या कथेला थोरपण येतं ते इथे. दुसऱ्या दिवशी सकाळी राजाने मंत्र्यांना बरोबर घेतलं आणि दक्षिणेकडे, विंध्याच्या दिशेने निघाला. डोक्यात जे रान होतं ते जमिनीवर आहे का हे त्याला पाहायचं होतं. ते रान होतं. ती झाडं, ती वस्ती, दुष्काळाने उजाड झालेल्या त्या झोपड्या, सगळं जसंच्या तसं. आणि तिथे एक म्हातारी दुसऱ्या बायकांच्या गराड्यात रडत होती. तिची मुलगी गेली होती, नातवंडं गेली होती, आणि कुठल्याशा देशाचा राजा असून तिच्या घरी जावई म्हणून राहिलेला पुरुषही गेला होता. राजाने तिला विचारलं, तू कोण, तुझी मुलगी कोण? म्हातारीने सगळं सांगितलं. ते लवणाचंच आयुष्य होतं, फक्त सासूच्या तोंडून.

याच ग्रंथाच्या उपशम प्रकरणात हाच प्रयोग पुन्हा होतो, आणि या वेळी प्रवास वरखाली दोन्हीकडे होतो. कोसल देशाचा गाधी नावाचा ब्राह्मण विष्णूकडे मागणं मागतो की तुझी माया मला दाखव. एके दिवशी नदीत बुडी मारतो आणि पाण्याखाली असतानाच स्वतःचं मरण पाहतो. मग चांडाळाच्या घरी कटंज म्हणून जन्मतो, संसार करतो, घरची सगळी माणसं गमावतो, भटकत कीर देशाच्या राजधानीत पोचतो. तिथला राजा नुकताच वारलेला. राजहत्ती सोंडेने कटंजाला उचलून पाठीवर बसवतो आणि कटंज राजा होतो. आठ वर्षं राज्य केल्यावर एक म्हातारा चांडाळ त्याला ओळखतो आणि भर रस्त्यात नावाने हाक मारतो. बातमी फुटते. विटाळ झाला म्हणून नगरातले लोक आगीत उड्या घेतात, त्यांच्यामागून राजाही. आणि गाधी पाण्यातून डोकं वर काढतो. पुढे घरी आलेला एक पाहुणा सहज सांगतो की कीर देशात आठ वर्षं एक चांडाळ राजा होता. गाधी उठतो आणि तपासायला निघतो. वस्ती सापडते, घर सापडतं, शहर सापडतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या कथांमधली एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. उच्चवर्णीय माणसाला पडू शकणारं सगळ्यात भयानक स्वप्न कोणतं, तर चांडाळ होण्याचं, हे या कथाकारांनी गृहीत धरलं आहे. मार्कंडेय पुराणातला हरिश्चंद्रही स्मशानात राबताना स्वप्नात पुल्कस या चांडाळासारख्याच जातीत जन्मतो, नरक पाहतो, कुत्र्या-गाढवांच्या जन्मांतून फिरतो आणि घाबरून जागा होतो. ज्यांचं आयुष्य रोजच तसं होतं त्यांना रात्री काय दिसे हे या पोथ्यांनी विचारलं नाही. तो पूर्वग्रह त्या समाजाचा आहे आणि त्याला पूर्वग्रहच म्हणायला हवं. पण मोक्षोपायाच्या अनाम कर्त्याने त्याच पूर्वग्रहाला एके ठिकाणी तडा दिला आहे. त्याच्या चांडाळांना भूक आहे, माया आहे, लेकीच्या नावाने फोडलेला हंबरडा आहे. कीर देशाच्या नगरात लोक विटाळाने जळून मरतात, आणि वाचणाऱ्याला त्यांची कीव येते ती त्यांच्या सोवळ्याची.

मग अर्थ काय? गोष्ट सांगणारे वसिष्ठ रामाला म्हणतात की त्या सभेत मी स्वतः हजर होतो; ही ऐकीव गोष्ट नाही. आणि तरीही ते एक उत्तर देऊन मोकळे होत नाहीत. पहिलं उत्तर: लवणाने मनातल्या मनात राजसूय यज्ञ केला होता. राजसूय करणाऱ्याला बारा वर्षं दुःख भोगावं लागतं. यज्ञ मनात केला म्हणून दुःखही मनातच भोगलं, आणि तो जादूगार म्हणजे इंद्राचा दूत. दुसरं: राजाच्या मनातला भास विंध्यातल्या लोकांच्या मनात उमटला असेल, किंवा त्यांच्या मनातला राजाच्या. तिसरं: काकतालीय. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. गाधीलाही विष्णू शेवटी हेच सांगतो: कटंज नावाचा माणूस खरोखर होऊन गेला, त्याच्यावर हे सगळं गुजरलं, आणि तेच नेमकं तुझ्या मनात उमटलं. ही तीन उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. कर्त्याला ते कळत नव्हतं असं मानणं कठीण आहे. फलज्योतिषाचा एकेरी निकाल त्याला नको होता, एवढं नक्की.

महाराष्ट्रात या प्रश्नाला वेगळंच वळण मिळालं. योगवासिष्ठ आपल्या मठांतही वाचलं जाई. रामदासपंचायतनातल्या रंगनाथस्वामी निगडीकरांनी योगवासिष्ठसारावर मराठी टीका लिहिली. पण लोकांच्या तोंडी जास्त रुळला तो हरिश्चंद्र. मुक्तेश्वरांनी त्याचं आख्यान ओव्यांत बांधलं आणि कीर्तनकारांनी ते गावोगाव नेलं. पुराणात नसलेली एक गोष्ट लोकपरंपरेने त्यात घातली: राजाने राज्य दान केलं ते स्वप्नात, आणि सकाळी विश्वामित्र दारात उभे राहिले तेव्हा दिलं म्हणजे दिलं असं तो म्हणाला. स्वप्नातलं देणं जागेपणी फेडायचं असतं ही कल्पना ज्या कुणा कीर्तनकाराला प्रथम सुचली, त्याने स्वप्नाध्यायाच्या सगळ्या याद्या एका फटक्यात मागे टाकल्या.

मराठीने या देण्यासाठी शब्दही वेगळा काढला. देव किंवा गुरू झोपेत येऊन काही सांगतो त्याला स्वप्न पडलं असं म्हणत नाहीत, दृष्टांत झाला म्हणतात. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मंत्र दिला. जेवणासाठी त्यांनी पावशेर तूप मागितलं होतं आणि ते द्यायचं राहून गेलं, ही रुखरुख तुकोबांनी स्वतः अभंगात नोंदवली आहे. स्वप्नातलं पावशेर तूप! एवढ्या थोर कवीला उपदेशाइतकंच ते न दिलेलं तूपही आठवत राहिलं. वारकरी आजही माघ शुद्ध दशमीला या अनुग्रहाचा दिवस मानतात.

आणि त्याच तुकोबांचा दृष्टांत एका तरुण बाईला झाला. वेरुळाजवळच्या देवगावात १६२८ साली जन्मलेली बहिणाबाई तेव्हा नवऱ्याबरोबर कोल्हापुरात राहत होती. तिचं लाडकं वासरू मेलं, ती शुद्ध हरपून पडली, आणि शके १५६९च्या कार्तिक वद्य पंचमीला तुकोबांनी स्वप्नात येऊन तिला मंत्र दिला. घरात आग पेटली. ब्राह्मणाच्या बायकोचा गुरू शूद्र? नवऱ्याने मारहाण केली, सोडून जाण्याची भाषा केली. एकाच स्वप्नाचे दोन अर्थ एकाच घरात समोरासमोर उभे राहिले. बहिणाबाईने माघार घेतली नाही. पुढे ती देहूला गेली, आणि नवराही गेला. १७०० साली शिऊरला मरणशय्येवर तिने मुलाला आपले मागचे बारा जन्म सांगितले. हा तेरावा आणि शेवटचा. भारतात एका स्त्रीने स्वतःच्या शब्दांत मांडलेलं, इतक्या आयुष्यांचा धागा जोडणारं इतकं जुनं आत्मकथन विरळाच. तिने त्या जन्मांतून शकुन काढला नाही. चालत आलेलं काम कुठवर आलं याचा हिशेब मुलाच्या हाती दिला.

लवणाची कथा तोवर फारसीत पोचून जुनी झाली होती. शहजादा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, याच्यासाठी निजाम पानिपतीने १५९७-९८ च्या सुमारास दोन पंडितांच्या मदतीने ‘लघुयोगवासिष्ठा’चा अनुवाद केला. फारसी योगवासिष्ठाची १६०२ची एक सचित्र प्रत आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. पुढे १६५६ साली दारा शुकोहने नवा अनुवाद करवून घेतला, आणि कारण म्हणून प्रस्तावनेत काय सांगितलं? स्वप्न. वसिष्ठ आणि रामचंद्र त्याच्यासमोर आले. वसिष्ठांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि रामाला म्हटलं, सत्याच्या शोधात हा तुझा भाऊ आहे, याला मिठी मार. रामाने मिठी मारली आणि वसिष्ठांनी दिलेली मिठाई त्याला भरवली. दाराने या स्वप्नाचं फळ कुणाला विचारलं नाही. ग्रंथ करून घेतला. तीन वर्षांनी भावाने त्याला ठार करवलं.

युरोपात परक्या आयुष्याच्या स्वप्नांची तपासणी सुरू झाली ती एकोणिसाव्या शतकात. आल्फ्रेड मोरी या फ्रेंच विद्वानाने १८६१ च्या आपल्या पुस्तकात एक स्वप्न नोंदवलं. तो आजारी होता, आई उशाशी होती. त्याला फ्रेंच राज्यक्रांतीचे दिवस दिसले, रोबेस्पियरसमोर खटला चालला, गाडीतून वधस्थानी नेलं, पातं मानेवर पडलं. जागा झाला तर पलंगाची पट्टी सुटून मानेवर आपटली होती. अख्खं स्वप्न त्या एका क्षणात घडलं असा अर्थ त्याने लावला, आणि जवळजवळ शंभर वर्षं लोक तेच मानत आले. १९५३ मध्ये शिकागोत आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतल्या डोळ्यांच्या जलद हालचाली नोंदवल्या, आणि काही वर्षांत डिमेंट यांनी झोपलेल्यांच्या अंगावर थंड पाणी उडवून, थोड्या वेळाने त्यांना उठवून, स्वप्नात पाणी आल्यापासून पुढे किती गोष्ट घडली ते मोजलं. स्वप्नातला वेळ साधारण घड्याळाबरोबरच चालतो असं दिसलं. मग दीड तासात साठ वर्षं कशी मावतात? गोष्टीत मावतात तशी. लवण स्वतः सांगतो तेव्हाही लग्न, भूक आणि चिता सविस्तर येतात. मधली दशकं एका वाक्यात सरतात.

जिनिव्हातला मानसशास्त्रज्ञ तेओदोर फ्लुर्न्वा याने हाताळलेलं प्रकरण मराठी वाचकाला जास्त जवळचं वाटेल, कारण ते आपल्या शेजारी येऊन टेकतं. एलेन स्मिथ या टोपणनावाने त्याने जिचं वर्णन केलं ती दुकानात काम करणारी स्त्री होती. १८९४ नंतरच्या बैठकांत समाधीसारख्या अवस्थेत ती सिमंदिनी होई: पंधराव्या शतकातली, कानडा मुलखात चंद्रगिरीचा किल्ला बांधणाऱ्या शिवरूक नायकाची राणी, नवऱ्याच्या चितेवर सती गेलेली. संस्कृतसारखे शब्दही ती बोले. ते तपासले फेर्दिनां द सोस्यूर या थोर भाषाशास्त्रज्ञाने. फ्लुर्न्वाने लवणासारखीच वाट धरली, म्हणजे शोधायला निघाला. इतिहासकारांना पत्रं घातली, त्यांना शिवरूक माहीत नव्हता. अखेर द मार्लेस याच्या १८२८ च्या भारताच्या इतिहासात तो सापडला: चंद्रगिरी, कानडा, सन १४०१. हे जुनं पुस्तक जिनिव्हाच्या ग्रंथालयांत धूळ खात पडलं होतं. फ्लुर्न्वाचा निष्कर्ष होता की कुठेतरी वाचलेलं किंवा कानावरून गेलेलं विसरून मनाच्या तळाशी राहतं आणि दुसऱ्याचं आयुष्य होऊन वर येतं. चरकाच्या भाषेत हे श्रुत. कासरगोडजवळचा चंद्रगिरी किल्ला तिथल्या इतिहासात केळदीच्या शिवप्पा नायकाच्या नावावर आहे, आणि तो नायक सतराव्या शतकातला.

त्याच सुमारास, १९०० सालाची तारीख घेऊन आलेल्या फ्रॉइडच्या ग्रंथाने स्वप्नातल्या परक्या चेहऱ्याआड झोपलेलाच दडलेला असतो असं मांडलं. शंकराचार्यांनी स्वप्नातल्या राजाला बिछान्यावर परत आणलं होतं, तसंच काहीसं फ्रॉइडनेही केलं. दोघांच्या हेतूंत जमीनअस्मानाचा फरक, पण दोघांच्याही लेखी ते दुसरं आयुष्य स्वतंत्रपणे कुणाचंच नाही. फ्लुर्न्वाने ते ग्रंथालयात शोधलं आणि त्याचा शोध प्रामाणिक होता. तरीही या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतो तो लवणच. स्वप्न खरं ठरलं म्हणून नव्हे. तपासायला निघताना त्याने आपल्या दुःखाचं कारण शोधलं नाही, ते दुःख ज्यांच्या घरचं होतं ती माणसं शोधली, म्हणून.

घाईने वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटेल असा एक तपशील त्या कथेत आहे. म्हातारीची हकीकत ऐकून झाल्यावर राजाला अजून काहीच उलगडलेलं नसतं. राजसूयाचं कारण त्याला माहीत नाही, कावळा आणि फांदीचा दाखला अजून कुणी दिलेला नाही. तो वस्तीतल्या त्या बायकांचं सांत्वन करतो, लागेल ते देतो, थोडा वेळ तिथे थांबतो आणि राजधानीला परततो. या सगळ्याचा अर्थ काय, हे तो वसिष्ठांना विचारतो ते त्यानंतरच्या सकाळी.